लॅपटॉपचे ड्रायव्हर सुरू होताना वेळ जातो कुठे, आणि तो वाचवायचा कसा

बूट जलद करायचं म्हटलं की आपण आधी सर्व्हिसेस बंद करत सुटतो, एसएसडी बदलतो, डेस्कटॉप हलका करतो. ते ठीकच आहे. पण कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) ताबा घेतल्यापासून स्क्रीन, टचपॅड, साउंड, वायफाय, कॅमेरा हे सगळं तयार होईपर्यंतचा वेळ ड्रायव्हरच्या (त्या-त्या हार्डवेअरला चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हातात असतो. त्या वेळात प्रोसेसर राबत असतो, हा मात्र गैरसमज. तो बहुतांश वेळ नुसता थांबलेला असतो. चिप रीसेटमधून बाहेर यायची आहे, पॅनेलचा वीजपुरवठा स्थिर व्हायचा आहे, फर्मवेअरने (चिपच्या आतल्या प्रोग्रामने) ‘तयार आहे’ म्हणायचं आहे, आणि ड्रायव्हर झोप काढतोय. म्हणून इथे कोड जलद करून फारसं काही हाती लागत नाही. कुठली वाट पाहणं खरंच गरजेचं आहे, कुठलं उगाच आहे आणि कुठलं दुसऱ्या कशासोबत एकाच वेळी उरकता येईल, हे ओळखणं हेच खरं काम आहे.

हा विचार नवा नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये आर्यान व्हॅन डे व्हेन आणि औके कोक यांनी आसुसचा ईईई पीसी ९०१ पाच सेकंदांत बूट करून दाखवला. त्यांनी आधी बजेट ठरवलं: कर्नलला एक सेकंद, सुरुवातीच्या स्क्रिप्टना एक, एक्स सर्व्हरला (स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या प्रोग्रामला) एक आणि डेस्कटॉपला दोन. त्या बजेटात बसायचं तर हार्डवेअरची वाट रांगेत एकामागून एक पाहून चालणार नव्हतं. त्यातून आलेली असिंक (म्हणजे वाट न बघता काम मागे वेगळं चालू ठेवणाऱ्या) फंक्शन कॉलची यंत्रणा २००९ मध्ये कर्नलमध्ये दाखल झाली आणि आजही तिच्यावरच बरंच काही उभं आहे.

खाली लिहिलेलं प्रामुख्याने लिनक्सबद्दल आहे, कारण तिथे आत डोकावून बघता येतं. विंडोजचं शेवटाकडे थोडक्यात.

आधी मोजा

पहिली पायरी म्हणजे लिनक्समधल्या सर्व्हिसेस चालवणाऱ्या सिस्टमडीची आज्ञा, सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ. ते फर्मवेअर (इथे बायोस), बूटलोडर, कर्नल, इनिटआरडी (सुरुवातीला मेमरीत येणारी छोटी फाइलसिस्टिम) आणि युजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्राम) असे वेगवेगळे आकडे देतं. फर्मवेअरचे सहा सेकंद असतील तर ड्रायव्हरमध्ये कितीही खटपट केली तरी ते जाणार नाहीत, बायोसच्या सेटिंगमध्येच बघावं लागेल. त्याच आज्ञेची ‘ब्लेम’ ही यादी मात्र ड्रायव्हरसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. ती सर्व्हिसचा वेळ दाखवते, आणि सर्व्हिस बिचारी एखाद्या डिव्हाइसची वाट बघत बसलेली असू शकते. त्या यादीत सिस्टमडी-यूडेव्ह-सेटल वर दिसलं, तर ते कोणामुळे सुरू होतंय ते आधी शोधा. ती सर्व्हिस ‘सगळी डिव्हाइस सापडून होईपर्यंत थांब’ असं म्हणते, त्यामुळे एखादा बिघडलेला यूएसबी पोर्टसुद्धा सगळं बूट अडवून ठेवतो.

खरा तपशील इनिटकॉल_डीबग या कर्नल पॅरामीटरमधून मिळतो. बूटलोडरच्या ओळीत ते घाला, सोबत लॉग_बफ_लेन=१६एम घाला, नाहीतर सुरुवातीच्या ओळी बफरमधून वाहून जातात. ‘क्वाएट’ काढू नका. या ओळी डीबग पातळीच्या असल्याने क्वाएट असतानाही लॉगमध्ये येतात. उलट स्क्रीनवर किंवा सीरियल कन्सोलवर छापायला लावल्या तर छपाईचाच वेळ मोजला जातो. ११५२०० बॉडच्या सीरियलवर ८० अक्षरांची एक ओळ जवळजवळ ७ मिलिसेकंद खाते आणि अशा ओळी हजारोंनी असतात.

बूट झाल्यावर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) दोन प्रकारच्या ओळी शोधायच्या. एक ‘इनिटकॉल अमुक रिटर्न्ड ० आफ्टर इतके यूसेक्स’, आणि दुसरी ‘प्रोब ऑफ अमुक रिटर्न्ड ० आफ्टर इतके यूसेक्स’. इनिटकॉल म्हणजे ड्रायव्हरची सुरुवातीची नोंदणी, प्रोब म्हणजे त्याने प्रत्यक्ष डिव्हाइस ताब्यात घेऊन तयार करणं. फरक लक्षात ठेवा. ड्रायव्हर साध्या पद्धतीने चालत असेल तर त्याच्या इनिटकॉलमध्येच प्रोबचा वेळ धरलेला असतो. ड्रायव्हर असिंक केला की इनिटकॉल काही मायक्रोसेकंदांत परततो आणि प्रोब मागे वेगळा चालू राहतो. म्हणजे नुसते इनिटकॉलचे आकडे बघून ‘४०० मिलिसेकंद वाचले’ म्हणणं ही स्वतःची फसवणूक. आकडे यूसेकच्या (मायक्रोसेकंदांच्या) क्रमाने लावा आणि ५०,००० च्या वरचे तेवढे बघा. त्याखालच्या गोष्टींत वेळ घालवू नका, निदान सुरुवातीला तरी नाही.

आकड्यांच्या रांगेपेक्षा चित्र बरं वाटत असेल, तर कर्नलच्या सोर्समध्ये स्क्रिप्ट्स फोल्डरात बूटग्राफ.पीएल आहे. त्याला डीमेसेजचं आउटपुट दिलं की एसव्हीजी आलेख मिळतो. कोणता ड्रायव्हर दोषी हे कळल्यावर तो आत नेमका कुठे थांबतोय हे बघायला एफट्रेस या कर्नलच्या माग काढणाऱ्या साधनाचा फंक्शन_ग्राफ ट्रेसर बूटपासूनच चालू करायचा आणि एफट्रेस_ग्राफ_फिल्टरमध्ये त्या ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन द्यायचं. ट्रेसरचा स्वतःचा भार असतो, त्यामुळे त्यातले छोटे आकडे फुगलेले येतात, पण झोपेचे मोठे आकडे खरे असतात. आपल्याला तेवढेच हवे आहेत.

झोपेचा हिशेब

ड्रायव्हरमधला सर्वांत सामान्य दोष म्हणजे एमस्लीप(१). लिहिणाऱ्याला वाटतं एक मिलिसेकंद थांबतोय. पण एमस्लीप टिकवर (कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यावर) चालतं. कर्नल एचझेड (सेकंदाला किती टिक) २५० ने बांधलेला असेल तर एक टिक ४ मिलिसेकंदांचा, १०० असेल तर १० मिलिसेकंदांचा. एक मिलिसेकंद मागितला तरी किमान टिकभर, पुष्कळदा दोन टिक जातात. आता समजा चिपच्या सुरुवातीच्या यादीत ४० रजिस्टर (चिपमधले सेटिंगचे कप्पे) आहेत आणि प्रत्येकानंतर एमस्लीप(१) आहे. कागदावर ४० मिलिसेकंद, प्रत्यक्षात २५० एचझेडवर १६० ते ३२०. विकसकाच्या मशीनवर कर्नल १००० एचझेडचा असल्यामुळे त्याला हे कधी दिसलेलंच नसतं.

नियम सोपा आहे. दहा मायक्रोसेकंदांपर्यंत यूडिले, त्यापुढे वीस मिलिसेकंदांपर्यंत यूस्लीप_रेंज, त्याहून जास्त असेल तर एमस्लीप. हे लक्षात ठेवायचं नसेल तर २०२० पासून एफस्लीप आहे, ते आपणच योग्य पर्याय निवडतं. यूस्लीप_रेंजमध्ये दोन्ही आकडे सारखे देऊ नका. थोडी सूट दिली की कर्नलला दोन-तीन टायमर एकत्र उठवता येतात. एमडिले दिसलं तर ते प्रोसेसर अडवून बसतं हे ध्यानात घ्या. प्रोब झोपू शकतं, त्यामुळे तिथे एमडिलेचं काहीच काम नाही.

पण झोपेचा प्रकार बदलणं ही फक्त सुरुवात. मुळात ठरावीक वेळ झोपायचं कशाला? चिपमध्ये ‘तयार’ असा बिट असेल तर तो बघत राहायचं. त्यासाठी रीडएल_पोल_टाइमआउट आणि रेगमॅपसाठी (रजिस्टर वाचण्या-लिहिण्याची कर्नलची सामायिक सोय) रेगमॅप_रीड_पोल_टाइमआउट तयार आहेत. त्यांना दोन वेगळे आकडे द्यायचे असतात, किती वेळाने बघायचं आणि जास्तीत जास्त किती थांबायचं. पहिला आकडा लहान ठेवा, दुसरा उदार ठेवा. बूटचा वेळ पहिल्यावर अवलंबून असतो. दुसरा फक्त हार्डवेअर बिघडल्यावर लागतो, त्याला कात्री लावून काहीच मिळत नाही. एनव्हीएमई (एसएसडी जोडण्याची पद्धत) हे याचं उत्तम उदाहरण. कंट्रोलर सुरू केल्यावर त्याच्या स्टेटस रजिस्टरमधला रेडी बिट बघायचा असतो आणि कमाल वेळ कंट्रोलर स्वतः ५०० मिलिसेकंदांच्या एककात सांगतो. लिनक्समध्ये ही तपासणी पूर्वी दर १०० मिलिसेकंदांनी व्हायची. एसएसडी १२ मिलिसेकंदांत तयार झाली तरी ८८ वाया. नंतर ती १ ते २ मिलिसेकंदांवर आणली. एका ओळीचा बदल.

पोलिंगचा (असं पुन्हा-पुन्हा बघत राहण्याचा) लूप हाताने लिहू नका, असं मी आग्रहाने सांगेन. हाताने लिहिलेल्या लूपमध्ये एक चूक हमखास सापडते: वेळ संपल्यावर शेवटचं एकदा बघायचं राहून जातं. प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला, आपली प्रोसेस उशिरा उठली, तोवर चिप तयार झालेली असते, आणि ड्रायव्हर मात्र टाइमआउट म्हणून मोकळा होतो. बूट जलद केल्यावर, सगळे ड्रायव्हर एकाच वेळी धावायला लागल्यावर, अशा चुका अचानक वर येतात. वरच्या तयार पोल_टाइमआउट मॅक्रोमध्ये ते शेवटचं वाचन आहे. दुसरी गोष्ट पीसीआय डिव्हाइसची. ते बसवरून गायब असेल तर प्रत्येक वाचनात सगळे बिट एक येतात. ‘रेडी बिट एक होण्याची वाट बघ’ अशी अट असेल तर मेलेलं डिव्हाइस लगेच ‘तयार’ दिसतं. म्हणून आधी सगळे एक तर नाहीत ना, हे तपासा.

जिथे चिप इंटरप्ट (प्रोसेसरला स्वतःहून हाक) देते तिथे पोलिंगही नको. कम्प्लीशनवर थांबायचं आणि इंटरप्ट हँडलरने उठवायचं. आय-टू-सी (लहान चिप जोडणारी दोन तारांची बस) वरचे हिड टचपॅड असंच चालतात. रीसेटची आज्ञा दिली की डिव्हाइस इंटरप्टची ओळ ओढून कळवतं. ते न आल्यास लॉगमध्ये रीसेटला उत्तर मिळालं नाही असा इशारा दिसतो आणि तोवर पूर्ण टाइमआउट गेलेला असतो. असं रोज होत असेल तर बहुधा इंटरप्टची पिन किंवा तिची दिशा चुकीची मांडलेली आहे. तिथे टाइमआउट कमी करणं म्हणजे दुखणं झाकणं.

बसचा वेग: एक उदाहरण जवळून

काही हायब्रिड लॅपटॉपमध्ये सिलिड कंपनीचे टचस्क्रीन कंट्रोलर असतात. त्यांच्या आत कायमस्वरूपी फर्मवेअर नसतं, ड्रायव्हरला ते आय-टू-सी वरून पाठवावं लागतं, आणि ते चार-चार बाइटने जातं. हिशेब करून बघा. एका व्यवहारात पत्त्याचा एक बाइट, रजिस्टरचा एक, डेटाचे चार, असे सहा बाइट. आय-टू-सी वर प्रत्येक बाइटला नऊ बिट, म्हणजे ५४, शिवाय स्टार्ट आणि स्टॉप. ४०० किलोहर्ट्झवर एक व्यवहार साधारण १४० मायक्रोसेकंदांचा. ३२ केबी डेटासाठी असे ८,१९२ व्यवहार. जवळजवळ १.१५ सेकंद गेलेच, आणि यात कंट्रोलरच्या इंटरप्टचा आणि ड्रायव्हरच्या ये-जा करण्याचा वेळ धरलेला नाही. बस १०० किलोहर्ट्झवर असेल तर हेच साडेचार सेकंदांच्या पुढे जातं.

आता बस १०० वर का असते? एसीपीआयच्या तक्त्यात (फर्मवेअरने दिलेल्या हार्डवेअरच्या माहितीत) प्रत्येक आय-टू-सी डिव्हाइस आपला वेग सांगतं आणि कर्नल त्या बसवरच्या सगळ्यांत हळू डिव्हाइसचा वेग घेतो. घ्यायलाच हवा, नाहीतर हळू डिव्हाइस गोंधळेल. पण फर्मवेअर लिहिणाऱ्याने एखाद्या सेन्सरला उगाच १०० लिहिलं, की शेजारची चिप चौपट वेळ घेते (सिलिडच्या काही चिप ओळखल्या की लिनक्स आता बस स्वतःच ४०० वर नेतो). आधी एसीपीआय टेबल आयएएसएल या साधनाने उलगडून आय-टू-सी सीरियल बसच्या ओळी बघा. वेग वाढवायचाच तर त्या बसवरच्या प्रत्येक चिपची माहितीपत्रकं ४०० ला होकार देतात का ते तपासूनच वाढवा. पुल-अप रेझिस्टर मोठे असतील तर सिग्नल वर चढायला वेळ लागतो आणि व्यवहार अधूनमधून फसायला लागतात. हा दोष दहा बूटमध्ये एखाद्या वेळी दिसतो, म्हणून फार त्रासदायक.

वेग बदलता येत नसेल तरी दोन मार्ग उरतात. चिप मान्य करत असेल तर मोठे गठ्ठे पाठवायचे. ६४ बाइटच्या गठ्ठ्यात पत्त्याचा आणि रजिस्टरचा भार नगण्य होतो. आणि अपलोड करण्यापूर्वी चिपमध्ये ते फर्मवेअर आधीच आहे का, हे आवृत्ती किंवा स्टेटस वाचून तपासायचं. रीस्टार्टमध्ये चिपची वीज गेलेलीच नसते, त्यामुळे पुष्कळदा ते तिथेच असतं. मात्र याचमुळे मोजमाप फसतं. रीस्टार्ट करून मोजलेला वेळ आणि पूर्ण बंद करून चालू केल्यावरचा वेळ वेगळे येतात. दोन्ही मोजा, दोन्ही लिहून ठेवा.

ज्या वाटेला हात लावायचा नाही

काही थांबे विजेच्या आणि तांब्याच्या भौतिक मर्यादांमधून आलेले असतात. पीसीआय एक्सप्रेसमध्ये रीसेट सोडल्यावर कॉन्फिगरेशन वाचण्यापूर्वी १०० मिलिसेकंद द्यावे लागतात, डी३हॉट (झोपलेल्या स्थिती) मधून डी० (पूर्ण जाग्या स्थिती) मध्ये येताना १०. फर्मवेअरला आपलं डिव्हाइस याहून लवकर तयार होतं हे ठाऊक असेल तर ते एसीपीआयच्या _डीएसएम या मेथडमधून तसं सांगू शकतं आणि लिनक्स ते मानतो. म्हणजे हे १०० कमी करण्याची अधिकृत जागा आहे. ड्रायव्हरमध्ये आकडा खोडणं ती जागा नव्हे. तसं केलं तर आपल्या टेबलावर चालतं आणि थंड खोलीत, उतरत्या बॅटरीवर, दुसऱ्या खेपेच्या बोर्डवर डिव्हाइस सापडतच नाही.

ईडीपी (लॅपटॉपच्या आतली स्क्रीनची जोडणी) पॅनेलचंही तसंच. वीज दिल्यापासून पॅनेल बोलायला तयार होईपर्यंत २०० मिलिसेकंदांपर्यंत, आणि एकदा वीज काढली की पुन्हा देण्यापूर्वी ५०० मिलिसेकंद. हा दुसरा आकडा कमी केला तर पॅनेलच्या आतलं सर्किट अर्धवट रिकामं राहतं आणि स्क्रीन काळी राहते किंवा विचित्र पट्टे येतात. इथे योग्य उपाय दोन. पहिला, हॉटप्लगची (पॅनेल तयार असल्याचं कळवणारी) तार जोडलेली असेल तर ठरावीक २०० न थांबता तो सिग्नल आला की पुढे जायचं. दुसरा आणि मोठा, पॅनेल बंदच करायचं नाही. बायोसने लावलेला मोड तसाच ताब्यात घ्यायचा. इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरमध्ये याला फास्टबूट म्हणतात आणि स्कायलेक व त्यापुढच्या चिपवर कर्नल ५.१ पासून ते आपोआप चालू असतं. बूटच्या मधोमध स्क्रीन एकदा काळी होऊन परत येत असेल तर हा ताबा नीट घेतला जात नाहीये असं समजा.

यूएसबीवर पोर्ट स्थिर होण्याचे १०० मिलिसेकंद, रूट पोर्टच्या रीसेटचे किमान ५०, त्यानंतर सावरायला १०. एका हबवरची डिव्हाइस एकामागून एक ओळखली जातात. लॅपटॉपमध्ये कॅमेरा, ब्लूटूथ आणि फिंगरप्रिंट बहुधा एकाच रूट हबवर असतात, म्हणजे तिघांची रांग. सुदैवाने हे सगळं मागे वेगळ्या वर्कक्यूवर चालतं, बूट त्यासाठी अडत नाही, जोवर सेटलसारखं कोणी मुद्दाम थांबत नाही. लॉगमध्ये ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -११०’ दिसलं तर तो टाइमआउट आहे आणि डिस्क्रिप्टरच्या पहिल्या वाचनाला मूळ सेटिंगनुसार ५ सेकंदांपर्यंत मुभा असते. ही तक्रार वारंवार आली तर ड्रायव्हर सोडा, आतला कनेक्टर बघा. तो भाग लागतच नसेल तर बायोसमधून बंद करा.

एकाच वेळी

उरलेला वेळ कमी करता येत नाही, पण एकावर एक ठेवता येतो. तीन ड्रायव्हर प्रत्येकी २०० मिलिसेकंद झोपत असतील तर रांगेत ६००, एकत्र २००. कर्नल ४.२ पासून ड्रायव्हरच्या रचनेत प्रोब_टाइप हा भाग आहे. त्यात प्रोब_प्रेफर_असिंक्रोनस लिहिलं की त्याचा प्रोब वेगळ्या थ्रेडवर चालतो. कोड न बदलता आधी चाचणी घ्यायची असेल तर कर्नलच्या ओळीत ड्रायव्हर_असिंक_प्रोब= पुढे ड्रायव्हरची नावं द्या, किंवा मॉड्यूल (वेगळी फाइल म्हणून लोड होणारा ड्रायव्हर) लोड करताना असिंक_प्रोब हा पॅरामीटर द्या. हा पर्याय मला सर्वांत आवडतो. हार्डवेअरच्या वेळेला धक्का न लावता मिळणारा हा निखळ फायदा आहे.

पण डोळे मिटून लावायचा नाही. मॉड्यूलमध्ये आतून असिंक_शेड्यूल वापरलं आणि लोड करताना असिंक_प्रोब मागितलं नसेल, तर मॉड्यूल लोडर शेवटी सगळं असिंक काम संपेपर्यंत थांबतोच. इनिटआरडीशिवाय बूट असेल तर रूट (मुख्य फाइलसिस्टिम) माउंट करण्यापूर्वी कर्नल सगळे प्रोब संपण्याची वाट बघतो. तिथे फायदा बेरीजऐवजी कमाल एवढाच. डिस्कची आणि नेटवर्क कार्डांची नावं बूटगणिक बदलू शकतात, म्हणून एफस्टॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) नावाऐवजी न बदलणारी ओळख, यूयूआयडीच हवं.

असिंक प्रोबमधून रिक्वेस्ट_मॉड्यूल करून (दुसरं मॉड्यूल मागवून) थांबलात तर डेडलॉकची (दोघं एकमेकांची वाट बघत अडकण्याची) शक्यता असते आणि कर्नल त्याबद्दल वॉर्निंग देतो. इंटेल एचडी ऑडिओच्या ड्रायव्हरला कोडेकची मॉड्यूल मागवावी लागतात, त्यामुळे त्याने प्रोबचा मोठा भाग स्वतःच्या वर्कमध्ये (मागे चालणाऱ्या कामात) ढकलला आहे. त्या मार्गाचेही नियम आहेत. प्रोबने शून्य परत करून झालेलं असतं, म्हणून वर्कमध्ये काही चुकलं तर ड्रायव्हर कोअरला कळत नाही, आणि ‘नंतर प्रयत्न करा’ असं म्हणायची सोय तिथे राहत नाही. रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढताना) आधी कॅन्सल_वर्क_सिंक केलं नाही, तर काढून टाकलेल्या मेमरीवर वर्क धावतं. झाकण पटकन मिटलं आणि सस्पेंड आला तर अर्धवट सुरू झालेलं हार्डवेअर झोपवायचा प्रयत्न होतो, त्यासाठीही सस्पेंडमध्ये वर्क संपू द्यावं लागतं. आणि इनपुट किंवा साउंड डिव्हाइसची नोंदणी अगदी शेवटी करायची. नोंदणी होताच युजरस्पेस ते उघडणार, मग आतलं हार्डवेअर तयार असो वा नसो.

बॅटरीचा ड्रायव्हरही असाच बाजूला काढलेला आहे. त्याला कारण आहे एम्बेडेड कंट्रोलर (लॅपटॉपची बॅटरी वगैरे सांभाळणारी छोटी चिप). त्याच्याशी प्रत्येक बाइट दोन पोर्टवरच्या देवाणघेवाणीतून जातो, आणि बॅटरीची माहिती म्हणजे असे कितीतरी बाइट. एसीपीआयच्या मेथडमध्येच स्लीप लिहिलेलं असेल तर ड्रायव्हरमध्ये काहीही करता येत नाही, निव्वळ त्याला इतरांच्या वाटेतून बाजूला करता येतं.

फर्मवेअरच्या फाइली आणि पुन्हा-पुन्हा होणारे प्रोब

ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असेल आणि त्याची फर्मवेअर फाइल इनिटआरडीमध्ये नसेल, तर मागणीच्या वेळी रूट फाइलसिस्टिम आलेलीच नसते. नेहमीच्या कर्नलवर एरर -२ (फाइल नाही) लगेच मिळतो. पण युजर हेल्पर फॉलबॅक (फाइल युजरस्पेसमधल्या प्रोग्रामकडून मागण्याची सोय) चालू ठेवून बांधलेल्या कर्नलवर ६० सेकंद थांबणं होतं. एक मिनिटाचा गूढ थांबा दिसला की पहिला संशय यावर घ्या. उपाय: ड्रायव्हर मॉड्यूल करा, किंवा फाइल इनिटआरडीमध्ये घाला. इंटेल वायफायच्या ड्रायव्हरने नव्या आवृत्तीपासून मागे येत फाइली शोधल्याच्या ओळी दिसतात, त्या निरुपद्रवी असतात, तिथे वेळ जात नाही. इनिटआरडी एक्सझेडने दाबलेला असेल तर झेडएसटीडी किंवा एलझेड४ करून बघा. फाइल मोठी होते, उलगडायला मात्र कितीतरी कमी वेळ लागतो.

जाता जाता, हार्डवेअरचं नाही पण त्याच यादीत वर दिसणारं एक नाव: रेड६_पीक्यू. बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम वापरत असाल तर ते लोड होतं आणि कोणती गणिती पद्धत जलद हे ठरवायला प्रत्येक पद्धत १६ टिक चालवून बघतं. लॅपटॉपवर रेड६ (अनेक डिस्कवर डेटा राखण्याची पद्धत) कोण वापरणार! कर्नल स्वतः बांधत असाल तर रेड६_पीक्यू_बेंचमार्क बंद करा.

आर्म लॅपटॉपवर मोठा खर्च डिफर्ड प्रोबचा असतो. क्लॉक किंवा रेग्युलेटरचा (वीजपुरवठा सांभाळणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर अजून आलेला नसला की प्रोब ‘नंतर या’ म्हणून परततो आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून प्रोबमधला क्रम महत्त्वाचा. आधी सगळी साधनं मागून घ्या, म्हणजे क्लॉक, रेग्युलेटर, जीपीआयओ (नियंत्रणाच्या पिना), आणि मगच चिपला रीसेट द्या. १५० मिलिसेकंदांचा रीसेट वर आणि जीपीआयओची मागणी खाली असा क्रम असेल, आणि तीनदा परत जावं लागलं, तर ४५० मिलिसेकंद पाण्यात. परत येताना डेव्ह_एरर_प्रोब वापरलंत तर कारणही नोंदलं जातं आणि डीबगएफएसमधल्या डिव्हायसेस_डिफर्ड फाइलमध्ये कोण कशासाठी अडलंय ते वाचता येतं.

झाकण उघडल्यावर

लॅपटॉप रोज बूट होतोच असं नाही, झाकण मात्र दिवसातून कितीदा तरी उघडलं जातं. त्यामुळे रिझ्यूममध्ये (झोपेतून उठताना) वाचवलेले १०० मिलिसेकंद मला बूटमधल्या सेकंदाहून मोलाचे वाटतात. सिस पॉवर फोल्डरातल्या पीएम_प्रिंट_टाइम्स मध्ये १ लिहिलं की प्रत्येक डिव्हाइसच्या रिझ्यूमचा वेळ लॉगमध्ये येतो. कर्नलच्या टूल्समध्ये असलेला स्लीपग्राफ त्याचंच रंगीत चित्र करून देतो. पीएम_असिंक सहसा १ च असतं. ते कुणी शून्य केलंय का, एवढं बघून घ्या. रिझ्यूमवर फर्मवेअर परत पाठवायचं असेल तर ते मेमरीत राखून ठेवा. डिस्क जागी होण्याची वाट बघत फाइल मागणं ही अडकण्याची जुनी जागा आहे. आणि जे डिव्हाइस लगेच लागत नाही, जसं की कॅमेरा, ते रनटाइम पीएमच्या (वापर नसताना डिव्हाइस झोपवणाऱ्या सोयीच्या) हवाली करून रिझ्यूममध्ये झोपलेलंच राहू द्या. कोणी उघडलं की ते उठेल.

विंडोजवर तत्त्व तेच, साधनं वेगळी. विंडोज परफॉर्मन्स रेकॉर्डरने बूटचा ट्रेस घेऊन अ‍ॅनलायझरमध्ये बघायचा. केई-स्टॉल-एक्झिक्यूशन-प्रोसेसर हे प्रोसेसर अडवून थांबतं आणि मायक्रोसॉफ्ट ५० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वापरू नका असं सांगतं. त्यापुढच्या वेळेला झोपणारी फंक्शनं किंवा टायमर वापरावेत. मोजताना एक सापळा टाळा. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे फास्ट स्टार्टअप चालू असताना कर्नलचं हायबरनेशन असतं, त्यामुळे पुढच्या वेळी ड्रायव्हरला नव्याने सुरुवात न मिळता झोपेतून उठल्यासारखी हाक येते. पूर्ण इनिशियलायझेशन मोजायचं तर ‘रीस्टार्ट’ निवडा.

बदल पुढे पाठवताना पॅचच्या वर्णनात आधीचा आणि नंतरचा आकडा, कर्नलची आवृत्ती, एचझेड, कोल्ड बूट की रीस्टार्ट, आणि कोणत्या चिपच्या कोणत्या आवृत्तीवर तपासलं, हे सगळं द्या. थांबा कमी केला असेल तर माहितीपत्रकातला किमान आकडा त्यात नमूद करा. रिझ्यूमची चाचणी आरटीसीवेकने (ठरलेल्या वेळी मशीन उठवणाऱ्या आज्ञेने) आपोआप शेकडो वेळा फिरवता येते. कोल्ड बूटच्या चाचणीत मात्र दोन वेळांमध्ये मशीन पूर्ण बंद ठेवून कपॅसिटर रिकामे होऊ द्या, आणि तीच चाचणी एकदा चार्जर काढून, बॅटरी जवळजवळ संपत आलेली असताना करा. कमी केलेले थांबे फसतात ते सहसा तिथेच.